वाटाड्या कुणी नेमायचा?



आज २६ फेब्रुवारी. १८८७ साली याच तारखेला पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत. त्यांचं धैर्य, पती गोपाळरावांचा हट्ट, कलकत्त्याहून निघालेली बोट, फिलाडेल्फियाची थंडी हे सगळं आपल्याला पाठ आहे. मी आज या कथेतल्या एका मासिकापासून सुरुवात करणार आहे.

१८८० साल. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी एक मिशनरी मासिक होतं, ते त्यांनी चाळलं. त्यात हिंदुस्थानातल्या गोपाळराव जोशींचा पत्रव्यवहार छापला होता. माझ्या बायकोला शिकायचं आहे, काही मदत होईल का, असा त्याचा आशय. संपादकांनी त्यावर सुचवलं होतं धर्मांतर. कार्पेंटरबाईंनी अशी कुठलीही अट न घालता थेट पत्र लिहिलं. उत्तर गेलं. पुन्हा पत्र आलं. पंधरा वर्षांची आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. १८८३ च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला घ्यायला ही मावशी आली होती.

आता मला सांगा, ते मासिक त्या दिवशी तिथं नसतं तर? बाईंचा दात त्या दिवशी दुखला नसता तर? त्यांचा नंबर दहा मिनिटं आधी लागला असता तर? धैर्य तेच असतं, बुद्धी तीच असती, गोपाळरावही तेच असते. पण पलीकडच्या किनाऱ्यावर घ्यायला कुणी नसतं.

आनंदीबाईंना मार्गदर्शक मिळाली ती योगायोगानं. आज एकशे चाळीस वर्षांनीही आपल्या रुग्णालयांत, महाविद्यालयांत, आरोग्य केंद्रांत नव्या माणसाला मार्गदर्शक मिळतो तो बहुतेक वेळा योगायोगानंच. चांगले सर लाभले, नशीब. चांगली इनचार्ज सिस्टर लाभली, नशीब. आणि ज्यांना लाभली नाही? त्यांचं काय होतं, हे आपण कधी मोजत नाही. आजचं माझं सगळं म्हणणं थोडक्यात असं आहे. नवा माणूस आणि मार्गदर्शक यांची जोडी आपोआप जुळत नाही, यादी लावूनही जुळत नाही. दोन्ही बाजूंना ओळखणारा एक माणूस ती जुळवायला लागतो, आणि जुळवणं हे त्याचं काम आहे असं कुणीतरी त्याला सांगावं लागतं.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीतला मेंटर हा शब्द आला होमरच्या ‘ओडिसी’तून. ओडिसियस युद्धावर जाताना घर आणि कारभार ज्या मित्रावर सोपवतो, त्याचं नाव मेंटर. आपण आता सर्रास मेंटर-मेंटी म्हणतो. पण मनात मात्र ‘गुरू’ असतं, आणि गुरू म्हटलं की पाय धरणं आलं, प्रश्न न विचारणं आलं. मला त्याहून जवळचा शब्द वाटतो तो वाटाड्या. सह्याद्रीत फिरलेल्यांना तो माहीत आहे. अनोळखी घाटात गावातला एखादा माणूस आपल्याबरोबर निघतो. तो आपलं ओझं उचलतोच असं नाही. तो चार पावलं पुढं चालतो, निसरडं कुठं आहे ते दाखवतो, फसवी वाट कुठं फुटते ते सांगतो, आणि पुढची वाट सरळ आहे असं दिसलं की माघारी फिरतो. आपला साहेब, आपला परीक्षक आणि आपला वाटाड्या ही तीन वेगळी माणसं आहेत. इथूनच माझा पहिला मुद्दा सुरू होतो.

पहिला मुद्दा असा की जो गुण देतो, तो वाटाड्या नसावा.

यासाठी मला परदेशी जायची गरज नाही. संतांच्या मेळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गोरोबाकाका कुंभार. मडकं पक्कं की कच्चं हे थापटीनं वाजवून पाहणारे. परंपरा सांगते की त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली. सगळे शांत बसले. नामदेव मात्र कळवळले, रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. दुखावलेले नामदेव थेट विठ्ठलाकडे गेले. आणि विठ्ठलानं त्यांना पाठवलं औंढ्या नागनाथला, विसोबा खेचरांकडे.

या गोष्टीत कामं कशी वाटली गेली आहेत पाहा. परीक्षा घेतली गोरोबांनी. शिकवलं विसोबांनी. आणि जोडी जुळवली विठ्ठलानं, ज्याला नामदेवही ठाऊक होते आणि विसोबाही. कच्चं म्हणणारा आणि पक्कं करणारा हे एक नव्हेत. आणि आणखी एक. नामदेव हे विठ्ठलाचे सगळ्यात लाडके. तरी विठ्ठलानं ‘मी आहे ना, मीच शिकवतो’ असं म्हटलं नाही. आपला सगळ्यात लाडका विद्यार्थी दुसऱ्याकडे पाठवायला मन मोठं लागतं. समोर बसलेल्या विभागप्रमुखांना मी हे मुद्दाम, आदरानं सांगते आहे.

आता माझा अनुभव. मी बालरोग विभागात पहिल्या वर्षाची रेजिडेंट होते. आमच्याकडे मेंटर-मेंटी योजना होती. नोटीस बोर्डावर आडनावांच्या क्रमानं यादी लागली. पहिले आठ या सरांकडे, पुढचे आठ त्या मॅडमकडे. महिन्याला एक सभा, एक सही, वर्षाला एक फोटो. माझे मेंटर म्हणून जे नेमले होते, तेच माझे परीक्षक होते आणि माझ्या प्रबंधावर सहीही त्यांचीच लागत होती. त्या वर्षी एका रात्री न्यूमोनियाचं एक बाळ माझ्या हातून गेलं. आठवड्याभरात सभा होती. सरांनी विचारलं, काही अडचण? मी म्हटलं, नाही सर. मी दुसरं काय म्हणणार होते? माझ्याकडून चूक झाली असावी असं मला वाटतंय, हे मी माझ्या परीक्षकाला कसं सांगणार होते?

ते ऐकलं वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनी. रात्री त्यांनी मला ड्यूटी रूममध्ये बसवलं, केसपेपर समोर ठेवला आणि म्हणाल्या, डॉक्टर, वेळ वाचत जा. मी मोठ्यानं वाचत गेले. बारा वाजता काय, दोन वाजता काय. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. दोन वाजता श्वास मोजलेत, त्यानंतर चारपर्यंत मोजले नाहीत. मोजले असते तर बाळ वाचलं असतं का, ते मी सांगू शकत नाही, डॉक्टर. पण पुढच्या वेळी मोजा. एवढंच बोलल्या आणि चहा पुढं केला. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोकरीत मी श्वास मोजायला विसरले नाही. त्या बाईंचं नाव कुठल्याही यादीत माझ्यासमोर नव्हतं. माझी चूक त्यांनी लपवली नाही, आणि तिचे गुणही कापले नाहीत. गुण कापण्याचा अधिकार त्यांना नव्हता, म्हणूनच मी त्यांच्यापुढं खरं बोलू शकले.

गावपातळीवरही हेच. आपल्या गटप्रवर्तक ताई आशांना आधारही देतात आणि त्यांच्या कामाचा अहवालही वर पाठवतात. त्या जिवापाड काम करतात हे मला माहीत आहे. पण एकाच माणसाकडे आधार आणि अहवाल दोन्ही दिले की आशाताई अडचण सांगताना आवंढा गिळते. हा दोष त्या ताईंचा नाही, आपल्या मांडणीचा आहे.

दुसरा मुद्दा असा की जुळवायचं काय, आणि आधी विचारायचं कुणी.

लग्न जुळवताना आपल्याकडे छत्तीस गुण बघतात. अठरा जमले की पुढं जायचं. मार्गदर्शकाच्या बाबतीत आपण एकही गुण बघत नाही, आडनावाचं पहिलं अक्षर बघतो. मग नेमकं काय बघायला हवं?

यावर गणितज्ञांनी विचार केला आहे, आणि तो डॉक्टरांशी थेट जोडलेला आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी एक छोटा लेख लिहिला. समजा काही मुली आहेत, काही मुलगे आहेत, प्रत्येकाची आपली पसंतीची क्रमवारी आहे. जोड्या अशा लावता येतील का, की लग्नानंतर एकमेकांना जास्त पसंत असलेली कुठलीही दोन माणसं आपापल्या जोड्या मोडून पळून जाणार नाहीत? त्यांनी सिद्ध केलं की लावता येतात. पद्धत सोपी. एका बाजूनं विचारत जायचं. दुसऱ्या बाजूनं लगेच होकार द्यायचा नाही, हातात ठेवायचं. अधिक पसंतीचं आलं तर आधीचं सोडायचं. कुणी नकार दिला की विचारणाऱ्यानं यादीतल्या पुढच्याकडे जायचं. सगळं थांबलं की जोड्या पक्क्या. आणि गंमत अशी की अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालयं ठरवून देणारी जी यंत्रणा १९५२ पासून चालू होती, तिची रीत जवळजवळ हीच होती. हे १९८४ साली दाखवून दिलं अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांनी. शॅपली आणि रॉथ यांना याच कामासाठी २०१२ चा नोबेल मिळाला.

या गणितातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जी बाजू आधी विचारते, तिला त्या पद्धतीत शक्य असलेली सगळ्यात चांगली जोडी मिळते. वाट बघणाऱ्या बाजूला ती हमी नसते. सुरुवातीला अमेरिकेत विचारणारी बाजू रुग्णालयांची होती. नव्वदच्या दशकात पद्धत बदलली आणि विचारणारी बाजू तरुण डॉक्टरांची झाली.

आता आपल्याकडे बघा. आपल्याकडे विचारतं कोण? कुणीच नाही. ज्येष्ठ म्हणतात, गरज त्याची आहे, तो येईल. तरुण म्हणतो, सरांना मी कसं विचारू? आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून, आश्रमशाळेतून आलेली मुलं असतात. ती हुशारीत कमी नसतात. पण प्राध्यापकाच्या दाराबाहेर ती पाच मिनिटं उभी राहतात आणि परत फिरतात. ज्याच्या घरात आधीच दोन डॉक्टर आहेत, तो मात्र सहज आत जातो. म्हणजे ज्याला वाटाड्याची गरज सगळ्यात कमी, त्याला तो सगळ्यात लवकर मिळतो. हे बदलायचं तर तरुणांनी विचारणं ही उद्धटपणाची गोष्ट न राहता रीत व्हायला हवी. पण तरुणाला तरी कुठं ठाऊक असतं कोण कसं आहे? पसंतीची क्रमवारी लावायला माहिती लागते. म्हणून यादी लावण्याआधी ओळख करून द्या. एक दुपार, एक खोली, चहा. सात-आठ ज्येष्ठ, पंचवीस-तीस तरुण, प्रत्येक जोडीला काही मिनिटं. ज्येष्ठांनी आपण कशात मदत करू शकतो आणि कशात नाही हे दोन वाक्यांत सांगायचं. मग तरुणांनी तीन नावं लिहायची. एवढं तर कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी करता येईल, की नाही?

आणि तरुणानं आपली गरज कशी ओळखायची? ती मी तीन प्रश्नांत मांडते. मला हाताचं कौशल्य हवं आहे का? मला पुढची दिशा हवी आहे का? की मला मन मोकळं करायला जागा हवी आहे? हे तिन्ही एकाच माणसाकडे मिळतील असा आग्रह धरू नका. आनंदीबाईंना तरी एकीकडे मिळालं का? घरची ऊब कार्पेंटर मावशींकडे, शिक्षणाची बाजू फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांच्याकडे. आणि रखमाबाई? बालविवाहावरून झालेल्या खटल्याच्या वादळातून बाहेर पडून त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, तेव्हा मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांच्यासाठी दार उघडायला मदत केली. पेचीबाई स्वतः एडिंबरा विद्यापीठाच्या दारावर धडका देणाऱ्या पहिल्या सात जणींपैकी. बंद दारापुढं उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

इथं एक नाजूक प्रश्न येतो. मुलीला बाईच मेंटर द्यावी का? आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलाला त्याच समाजातला ज्येष्ठ द्यावा का? मी सांगते, ठरवू नका, विचारा. कुणाला आपल्यासारखं माणूस हवं असतं, कारण काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. कुणाला मुद्दाम वेगळं माणूस हवं असतं. कार्पेंटर आणि आनंदी यांच्यात काय सारखं होतं? देश नाही, धर्म नाही, भाषा नाही, वय नाही. सारखी होती ती एकच गोष्ट, एकमेकींना बदलायचा आग्रह नव्हता. आणि व्यवहाराचीही एक बाजू आहे. ज्येष्ठ जागांवर स्त्रिया कमी आहेत. सगळ्या मुली त्यांच्याच वाट्याला दिल्या तर त्या बिचाऱ्या ओझ्याखाली मोडतील, आणि पुरुष प्राध्यापक या जबाबदारीतून सुटतील. त्यांनीही शिकायला हवं.

तिसरा मुद्दा असा की वाटाड्या किती पुढं असावा.

आपल्याला वाटतं, जितका मोठा तितका चांगला. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिकेनं १९८४ साली परिचारिकांच्या शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. अगदी नवखी ते पूर्ण निष्णात. तिचं निरीक्षण असं की निष्णात सिस्टर नियम आठवून काम करत नाही. पेशंटकडे एक नजर टाकते आणि तिला कळतं. हे आपण रोज बघतो. जुन्या सिस्टर म्हणतात, या पेशंटचं काही बरोबर दिसत नाही, डॉक्टरांना बोलवा. विचारा त्यांना, का? सांगता येत नाही. मग नवख्या मुलीनं त्यांच्याकडून शिकायचं कसं? म्हणून माझं मत असं की रोजच्या कामासाठी एक-दोन पायऱ्या पुढच्याशी जोडी लावा, ज्याला आपण कुठं अडखळलो होतो हे अजून आठवतं. आणि दिशेसाठी खूप पुढच्याशी. घाटातल्या वाटाड्यालाही वाट पाठ असते ती तो तिथं रोज चालतो म्हणून; त्यानं हिमालय चढलेला असायची गरज नसते.

आणि पुढं असणं म्हणजे पदानं पुढं असणं नव्हे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला आलं. त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातल्या कितीतरी जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. पुढं याच बायका नव्या कार्यकर्त्यांना शिकवू लागल्या, बाहेरून आलेल्या डॉक्टरांनाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं; १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. हे काय फक्त पुस्तकी प्रशिक्षणानं झालं? त्या कार्यकर्तीच्या मागं नियमित येणारा, तिच्याबरोबर बाळाच्या घरी जाणारा माणूस होता.

उत्तर कर्नाटकात आणि बिहारमध्येही गेल्या दशकात असाच मार्ग धरला गेला. अनुभवी परिचारिकांना मेंटर म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाठवलं. त्या तपासणी करायला आल्या नव्हत्या. लेबर रूममध्ये तिथल्या सिस्टरच्या शेजारी उभ्या राहून काम करायच्या, बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर काय, बाळ रडलं नाही तर काय, हे करून दाखवायच्या, करून घ्यायच्या. प्रशिक्षणासाठी सिस्टरला जिल्ह्याला बोलावलं की लेबर रूम ओस पडते. इथं प्रशिक्षणच लेबर रूममध्ये आलं.

आणि जिथं जाता येत नाही तिथं? २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी एक प्रयोग सुरू केला. यकृताच्या हिपॅटायटिस सी या आजाराचे रुग्ण दूरदूर विखुरलेले, तज्ज्ञ एकाच शहरात. त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं. प्रत्येकानं आपला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी आणि एकमेकांनी वाट दाखवायची. २०११ साली निकाल छापला गेला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, गावोगावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. म्हणजे आजच्या मेळघाटातल्या, धडगावातल्या मेडिकल ऑफिसरचा वाटाड्या मुंबईत असू शकतो. अट एकच. तो दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, तिथं असला पाहिजे. व्हॉट्सॲपवर सुप्रभातचं चित्र पाठवणं म्हणजे वाटाड्या होणं नव्हे.

चौथा आणि शेवटचा मुद्दा. जोडी टिकवायची कशी, आणि सोडायची कशी.

२००६ साली वैद्यकीय क्षेत्रातल्या मेंटरिंगवरचे अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांना मेंटर होता. काही शाखांत तर अध्यापकांपैकी पाचांत एकालाही नव्हता. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्या अभ्यासकांनी प्रांजळपणे नोंदवलं. मलाही तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. मेंटर नेमला की सगळं सुटतं असं नाही. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटानं रेजिडेंट डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या आत असावं असं सुचवलं. तसं सुचवावं लागलं, यातच काय चालू आहे ते आलं. जो छत्तीस तास झोपला नाही, त्याला आधी झोपू द्या. मेंटरिंग हे झोपेला, पुरेशा मनुष्यबळाला, सुरक्षित होस्टेलला पर्याय नाही. ज्या संस्था हे पर्याय म्हणून वापरतात, त्या मुलांची फसवणूक करतात.

पण जिथं हा पाया आहे, तिथं जोडी टिकते ती दिलेल्या वेळेच्या जोरावर. विल्यम ऑस्लर बाल्टिमोरला होते तेव्हा शेजारच्या घरात राहणाऱ्या तरुण डॉक्टरांना त्यांनी आपल्या घराच्या किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या. या, ग्रंथालय वापरा, बसा, बोला. त्यातल्या हार्वी कुशिंग यांनी पुढं मेंदूच्या शस्त्रक्रियेचं नवं शास्त्र उभं केलं आणि ऑस्लर यांचं चरित्र लिहिलं. आज कुणी घराची किल्ली देणार नाही, मला समजतं. पण महिन्यातला एक तास, दार बंद, फोन बंद, आणि इथलं बोलणं इथंच राहील हा शब्द, एवढी किल्ली आपण प्रत्येकजण देऊ शकतो.

आणि सोडणं? कॅथी क्रॅम या संशोधिकेनं ऐंशीच्या दशकात या नात्याचे चार टप्पे सांगितले. सुरुवात, बहर, दुरावा, आणि मग नवं रूप. दुरावा हा त्यातला एक टप्पाच आहे, नात्याचा अपमान नाही. आपल्याकडे मात्र शिष्यानं दुसरा मार्गदर्शक शोधला की सर दुखावतात, आणि शिष्य आयुष्यभर अपराधी राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी दोघांनी ठरवावं की सहा महिन्यांनी बसू. जमत असेल तर पुढं जाऊ, नसेल तर हसून थांबू, कुणी कारण विचारणार नाही. जुळवणाऱ्या माणसानं दुसरी जोडी लावून द्यावी. वाटाड्या घाटमाथ्यावरून माघारी फिरला म्हणून आपण त्याच्यावर रुसतो का?

आता जे बोलले ते आवरते. गुण देणारा आणि वाटाड्या वेगळे ठेवा. आधी ओळख करून द्या, आणि विचारण्याचा हक्क तरुणांना द्या. गरजा तीन असतील तर माणसं तीन असू देत. रोजच्या कामाला जवळचा, दिशेला दूरचा, पद न बघता अनुभव बघून निवडा. वेळ ठरवा, गुप्तता पाळा, सोडायची मोकळीक ठेवा. आणि या सगळ्यासाठी प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक तालुक्यात एक माणूस नेमा, ज्याला दोन्ही बाजूंची माणसं नावानिशी ठाऊक आहेत आणि ज्याच्या कामाच्या तासांत हे काम मोजलं जातं. तो डॉक्टरच असावा असं नाही. माझ्या अनुभवानं तर तो बहुधा एखादी सिस्टर असेल.

शेवटी पुन्हा आनंदीबाईंकडे येते. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. त्या परतल्या त्या क्षयानं खंगून, आणि त्या रुग्णालयात त्यांना काम करता आलं नाही. त्यांची रक्षा समुद्रापार मावशीकडे गेली आणि पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावली. जिनं बोलावलं, तिच्याच अंगणात.

मी या गोष्टीचा विचार करते तेव्हा एक गोष्ट मला सोडत नाही. आनंदीबाईंना वाट दाखवणारं माणूस मिळालं. पण त्यांना स्वतःला कुणाची वाटाड्या होण्याइतकं आयुष्य मिळालं नाही. कोल्हापुरात त्यांच्या मागं राऊंडला उभी राहिली असती ती मुलगी, तिला पहिल्यांदा नाडी बघताना त्यांनी काय सांगितलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. ती मुलगी मात्र दरवर्षी येते. या वर्षीही आली आहे. कुठल्याशा महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डासमोर उभी राहून आपलं नाव शोधते आहे.

तिच्याजवळ जाऊन आधी विचारा, तुला काय हवं आहे.